मान हलवायची की डोकं?

१. शब्द येतात, मग अडतं कुठे?

"इंग्रजीचे शब्द मला पुष्कळ येतात, व्याकरणही बरं आहे, पण बोलायला लागलो की वाक्य मराठीच होतं. असं का?" मराठी माध्यमात शिकून पुढे कॉलेजात किंवा नोकरीत इंग्रजीशी गाठ पडलेली माणसं हा प्रश्न हमखास विचारतात. त्यावर 'वाचन वाढवा' एवढंच उत्तर मिळतं. सल्ला चांगला आहे, पण त्यातून नेमकं कुठे अडतंय ते कळत नाही.

अडतं ते शब्दांच्या जोड्यांपाशी. हे समजून घ्यायला शरीराच्या अवयवांइतकं सोयीचं उदाहरण नाही. नाक, कान, हात, पाय सगळ्या माणसांना सारखेच. त्यांची इंग्रजी नावं लहान मुलांनाही येतात; महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवलं जातं आणि ही नावं अगदी सुरुवातीलाच पाठ होतात. तरीही 'नाक शिंकर' हे इंग्रजीत सांगायची वेळ आली की पदवीधर माणूससुद्धा थबकतो. 'नोज' ठाऊक असतं, त्याच्यासोबतचं क्रियापद ठाऊक नसतं. ते आहे 'ब्लो': 'ब्लो युअर नोज'. 'ब्लो' म्हणजे फुंकणं, हेही त्याला माहीत असतं. पण फुंकणं नाकाच्या शेजारी येऊन बसेल, हे कुणी सांगितल्याशिवाय सुचायचं कसं?

मराठीत आपण हेच न शिकता शिकलेलो असतो. पोळी लाटायची, भाकरी थापायची, घावन घालायचं. साडी नेसायची, शर्ट घालायचा, फेटा बांधायचा, गजरा माळायचा, चष्मा लावायचा. इंग्रजी माणूस या सगळ्यांसाठी, अगदी अत्तरासाठीसुद्धा, 'वेअर' या एकाच क्रियापदावर भागवतो. तो मराठी शिकू लागला की त्याची जी दैना होते, तीच आपली नाक शिंकरताना होते. शब्दांच्या या ठरलेल्या संगतीला इंग्रजीत 'कोलोकेशन' म्हणतात. आपण तिला शब्दजोडी म्हणू.

शब्दजोडी आणि वाक्प्रचार यांत गल्लत करू नये. 'हात धुणे' ही शब्दजोडी. 'हात धुऊन मागे लागणे' हा वाक्प्रचार. वाक्प्रचाराचा अर्थ शब्दांवरून लागत नाही, म्हणून तो वेगळा शिकवला जातो, परीक्षेत विचारलाही जातो. शब्दजोडीचा अर्थ सरळ दिसतो, म्हणून ती कुणी शिकवत नाही. माझ्या मते इथेच आपल्या शिकवण्यात मोठी चूक होते. इंग्रजी वाक्प्रचार एकही न वापरता माणूस आयुष्यभर उत्तम इंग्रजी बोलू शकतो. पण घसा खाकरणं, मान हलवणं, पाय मुरगळणं यांवाचून त्याचा एक आठवडाही जायचा नाही.

या विषयाचा अभ्यास परक्या शिकणाऱ्यांच्या सहवासातच वाढला. हॅरॉल्ड पामर हा इंग्रज शिक्षक टोकियोत जपानी विद्यार्थ्यांच्या इंग्रजीसाठी काम करत होता. शब्दजोड्यांवरचा त्याचा अहवाल तिथूनच १९३३ साली निघाला. ही कल्पना भाषाशास्त्रात रुजवणारा जे. आर. फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचा प्राध्यापक होता. शब्दाच्या अर्थाचा एक भाग त्याच्या नेहमीच्या सोबत्यांमध्ये असतो, ही त्याची मांडणी पुढे लंडनमध्ये आकाराला आली.

२. शरीर एकच, गट वेगळे

पहिला घोटाळा क्रियापदाच्याही आधी होतो. एकाच जमिनीचे दोन तलाठ्यांनी वेगवेगळे गट पाडावेत, तसं मराठीने आणि इंग्रजीने शरीर वेगवेगळ्या ठिकाणी विभागलं आहे.

आपला 'हात' खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत जातो. इंग्रजीने मनगटावर रेघ मारली: वरचा भाग 'आर्म', खालचा 'हँड'. 'पाय' तसाच, घोट्याच्या वर 'लेग', खाली 'फूट'. आपल्याला हातापायांची मिळून वीस बोटं असतात. इंग्रजीत पायाची बोटं 'टोज', हाताची 'फिंगर्स', आणि हाताचा अंगठा पुष्कळदा 'फिंगर्स'मध्ये धरतच नाहीत, तो 'थम्ब'. पायाचा अंगठा मात्र साधा 'बिग टो'.

आता आपल्या सगळ्या शाळांत घुमलेली आज्ञा घ्या: हाताची घडी, तोंडावर बोट. इंग्रजीत जाताना तिचे दोन्ही भाग सरकतात. घडी कोपरापाशी पडते, म्हणून ती 'आर्म्स'ची: 'फोल्ड युअर आर्म्स'. आपल्याकडे अनेक वर्गांत 'फोल्ड युअर हँड्स' ऐकू येतं, पण 'फोल्डेड हँड्स' म्हणजे जोडलेले किंवा एकमेकांत गुंतवलेले हात. आणि बोट जातं ते तोंडावर नव्हे, ओठांवर: 'फिंगर ऑन युअर लिप्स'.

'तोंड' हा आपला आणखी एक मोठा गट. तोंड उघडायचं तेव्हा ते 'माउथ', धुवायचं तेव्हा 'फेस'. सकाळी उठून तोंड धुतलं, याचं 'वॉश्ड माय माउथ' केलं तर ऐकणाऱ्याला चूळ भरल्यासारखं वाटेल. 'मांडी'ही तशीच. मांडीला लागलं तर 'थाय', आईच्या मांडीवर बाळ असलं तर 'लॅप', आणि मांडी घालून बसायचं तर 'सिट क्रॉस-लेग्ड', म्हणजे मांडी नाहीशी होऊन तिथे 'लेग' येतो. यातला 'लॅप' फार वेगळा आहे. तो बसल्यावरच तयार होतो आणि उभं राहिलं की उरत नाही. शरीरशास्त्राच्या आकृतीत तो दाखवता येणार नाही, पण रोजच्या बोलण्यात तो पक्का अवयव आहे.

आणि आता मान. मराठी माणूस मान हलवतो, मान डोलावतो, मान खाली घालतो, मान वळवून पाहतो. इंग्रजीत या प्रत्येक ठिकाणी 'हेड' आहे. नकार देताना 'शेक युअर हेड', होकार देताना 'नॉड', शरमेने मान खाली घालताना 'हँग युअर हेड', वळून पाहताना 'टर्न युअर हेड'. हालचाल एकच आहे. आपलं लक्ष वळणाऱ्या सांध्याकडे गेलं, त्यांचं हलणाऱ्या भागाकडे. 'नेक' येतो तो गर्दीत उंच मान करून पाहताना, 'क्रेन युअर नेक', आणि मान आखडली तर, 'स्टिफ नेक'. मराठी 'मान हलवली' यात होकार आहे की नकार ते प्रसंगावरून कळतं. इंग्रजीत 'शुक हर हेड' म्हटलं की नकार, नाहीतर निराशा किंवा अविश्वास. होकार कधीच नाही. भाषांतरात इथे घसरलं तर लग्नाला हो म्हणालेली मुलगी नाही म्हणून बसते.

जाता जाता एक व्याकरणाची अडचण. हात, पाय, दात, कान, केस, ओठ, गाल हे शब्द मराठीत एकवचनी आणि अनेकवचनी सारखेच. एक हात, दोन हात. त्यामुळे 'हात धुतले' यातलं अनेकवचन आपण फक्त क्रियापदावर दाखवतो आणि इंग्रजीत 'वॉश्ड माय हँड' असं अर्धवट राहून जातं. केसांचं उलटं आहे. आपले केस अनेक, पण इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून एकच 'हेअर': 'हर हेअर इज लाँग'. एकेक मोजायचा केस म्हणजे आमटीत निघालेला; तो 'ए हेअर'.

३. कोणत्या अवयवाला कोणतं क्रियापद?

काही जोड्या जशा आहेत तशा उचलाव्या लागतात. घसा खाकरणे म्हणजे 'क्लिअर युअर थ्रोट'. श्वास रोखून धरणे, 'होल्ड युअर ब्रेथ'. चुटकी वाजवणे, 'स्नॅप युअर फिंगर्स'. नखं कुरतडणे, 'बाइट युअर नेल्स'. बोटं मोडणे याचं शब्दशः भाषांतर केलं तर हाड मोडल्यासारखं ऐकू येईल. इंग्रजीत आवाज पेरांचा होतो, बोटांचा नव्हे: 'क्रॅक युअर नकल्स'. कुणाच्या नावाने बोटं मोडण्याचा अर्थ मात्र या इंग्रजी जोडीत अजिबात नाही.

काही क्रियापदं अशी असतात की अवयव त्यांच्या पोटातच असतो. 'नॉड' म्हटलं की डोकं आलंच, 'श्रग' म्हटलं की खांदे आले, 'ब्लिंक' म्हटलं की डोळे आले, 'नील' म्हटलं की गुडघे. मराठी 'शिंकरणे' असंच आहे. 'शिंकर' एवढं म्हटलं की नाक सांगायला नको. इंग्रजीत मात्र 'ब्लो' एकटं सोडलं तर वारा, शिट्टी, फुगा काहीही असू शकतं, म्हणून तिथे 'नोज' म्हणावंच लागतं. शिकणाऱ्याने प्रत्येक क्रियापदाला हे विचारून पाहावं: तुझ्या पोटात अवयव आहे, की तो बाहेरून द्यायचा?

दातांपाशी जरा थांबू, कारण एकाच अवयवाची क्रियापदं बदलली की मनःस्थिती कशी बदलते ते इथे स्वच्छ दिसतं. 'ब्रश युअर टीथ' म्हणजे दात घासणं. 'ग्राइंड युअर टीथ' म्हणजे दातावर दात घासणं. झोपेत दात खाणाऱ्या मुलासाठी हेच वापरतात. 'क्लेंच युअर टीथ' म्हणजे दात आवळून धरणं, मग कारण राग असो की वेदना. 'ग्रिट युअर टीथ' करताना जबडा तसाच आवळलेला असतो, पण आता त्यात निर्धार आहे: त्रास होतोय, तरी काम सोडायचं नाही. जखमेला टाके घालताना दातावर दात रोवून गप्प बसलेला माणूस 'ग्रिट' करतो. आणि कुत्रा दात विचकतो तेव्हा ते 'बेअर इट्स टीथ'. मराठीत 'दातओठ खाणे' फक्त रागाचं. ते 'ग्रिट'ने सांगितलं तर राग जाऊन तिथे धीर येतो, आणि कथेतला खलनायक एकदम सोशिक वाटू लागतो.

४. हात मोडला, पण मोडला कुणी?

सायकलवरून पडून हात मोडलेला मुलगा मराठीत म्हणतो, "माझा हात मोडला." वाक्याचा कर्ता हात. मुलाने काही केलेलं नाही, हाताचं झालं. तोच मुलगा इंग्रजीत म्हणेल, 'आय ब्रोक माय आर्म'. कर्ता 'आय'. मराठी कानाला हे विचित्र वाटतं, कारण 'मी माझा हात मोडला' म्हटलं तर त्याने मुद्दाम मोडल्यासारखं होतं. इंग्रजीत तसा वास येत नाही. ज्याचं शरीर, तो कर्ता. दोष कुणाचा हा प्रश्नच वेगळा.

ही एक रचना हाताशी आली की अपघातांची सगळी भाषा सुटते. पाय मुरगळला: 'आय ट्विस्टेड माय अँकल'. जीभ भाजली: 'आय बर्न्ट माय टंग'. डोकं आपटलं: 'आय बम्प्ड माय हेड'. पायाच्या बोटाला ठेच लागली: 'आय स्टब्ड माय टो'. शेवटच्या जोडीतलं 'स्टब' हे क्रियापद पायाच्या बोटाशिवाय दुसरीकडे दिसतं ते विझवलेल्या सिगारेटपाशी. आपल्या 'ठेच'ला जसं 'लागणे' बांधलेलं आहे, तसंच ते 'टो'ला बांधलेलं आहे.

दुसरी गोष्ट 'माय'ची. 'मी डोळे मिटले' यात 'माझे' म्हणायची मराठीला गरज वाटत नाही. मी दुसऱ्याचे डोळे कशाला मिटीन? इंग्रजीला मात्र मालकी सांगावीच लागते: 'क्लोज्ड माय आइज', 'शी शुक हर हेड', 'दे वॉश्ड देअर हँड्स'. आपली बरीच वाक्यं इथेच परकी वाटतात. 'ही क्लोज्ड आइज' म्हणून आपण मोकळे होतो. फ्रेंच भाषा आणखी तिसऱ्या वाटेने जाते. हात मोडला हे सांगताना ती हाताला 'माझा' लावत नाही, 'द'सारखं उपपद लावते, आणि तो कुणाचा हे क्रियापदाजवळच्या 'स्वतःला' या अर्थाच्या शब्दावरून कळतं.

इंग्रजीतही 'द' येतं, पण एका ठरलेल्या जागी. माणसाचा उल्लेख आधीच झाला आणि मग अवयव आला, तर अवयवाला 'द'. त्याच्या पाठीवर थाप मारली: 'पॅटेड हिम ऑन द बॅक'. तिचा दंड धरून नेलं: 'टुक हर बाय द आर्म'. माझ्या डोळ्याला डोळा भिडवून बोल: 'लुक मी इन द आय'. मराठीत आपण थेट पाठीवर, दंडावर, डोळ्यावर येतो. इंग्रजी आधी माणसाला हात घालते, मग जागा सांगते.

तिसरी रचना न्हाव्याच्या आणि दंतवैद्याच्या खुर्चीतली. 'मी केस कापले', 'मी दाढ काढली' असं आपण सहज म्हणतो. कापणारा आणि काढणारा दुसरा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. इंग्रजीत 'आय कट माय हेअर' म्हणजे आरशासमोर उभं राहून स्वतः कात्री चालवली. दुसऱ्याकडून करून घेतलं तर 'हॅव' मध्ये आणावं लागतं: 'आय हॅड माय हेअर कट', 'आय हॅड ए टूथ आउट', 'शी हॅड हर इअर्स पिअर्स्ड'. शेवटचं म्हणजे कान टोचून घेतले. सोनार किंवा डॉक्टर वाक्यात नाही, तरी 'हॅड'ने तो हजर केला आहे.

५. दवाखान्यात

अवयवांच्या शब्दजोड्या चुकल्या तर एरवी फार तर हसू होतं. दवाखान्यात मात्र डॉक्टर भलतीकडे जाऊ शकतो. परदेशात मुलांकडे राहायला गेलेल्या आईवडिलांवर ही वेळ नक्की येते, म्हणून हा भाग मला महत्त्वाचा वाटतो.

मराठीत दुखण्याला एकच साचा आहे: अमुक दुखतं. डोकं, दात, कान, पोट, घसा, पाय, सगळ्यांना 'दुखतं' चालतं. इंग्रजीत 'एक' हा शब्द काही ठरावीक अवयवांनाच चिकटतो: 'हेडेक', 'टूथेक', 'इअरेक', 'स्टमकेक', 'बॅकेक'. घसा त्यात नाही. घसा दुखतो तेव्हा 'सोअर थ्रोट'. 'हार्टेक' हा शब्द आहे, पण तो विरहाचा, दुःखाचा. छातीत दुखत असेल तर 'चेस्ट पेन'च म्हणावं. 'हार्टबर्न'चा तर हृदयाशी काहीच संबंध नाही. जठरातलं आम्ल अन्ननलिकेत वर येऊन छातीत जळजळतं, त्याला ते नाव. 'पेन इन द नेक' बोलताना वैताग आणणाऱ्या माणसाला किंवा कामाला म्हणतात. डॉक्टरला सांगायचं तर 'माय नेक हर्ट्स' बरं.

'माय लेग इज पेनिंग' हे आपल्याकडे इतकं रुळलंय की भारतात ते कुणाला खटकत नाही. इंग्लंड-अमेरिकेत 'हर्ट्स' म्हणतात. कंबर दुखते तेव्हा 'वेस्ट'कडे जाऊ नये. 'वेस्ट' पट्ट्याची, मापाची आणि नाचाची. दुखणारी कंबर म्हणजे 'लोअर बॅक'. अंग दुखतंय, याला इंग्रजीत 'अंग'च नाही: 'आय एक ऑल ओव्हर'. पायाला मुंग्या आल्या की 'पिन्स अँड नीडल्स', आपल्या मुंग्यांच्या जागी त्यांच्या टाचण्या आणि सुया. पोटरीत गोळा आला की 'क्रॅम्प'. नाक वाहतंय, 'रनी नोज'. चोंदलंय, 'ब्लॉक्ड नोज' किंवा 'स्टफी नोज'. घोळणा फुटला, 'नोजब्लीड'.

पोटाला इंग्रजीत चार नावं आहेत आणि ती कुठेही वापरता येत नाहीत. केसपेपरवर 'अ‍ॅब्डोमेन', बोलताना 'स्टमक', लहान मुलाशी 'टमी', आणि 'बेली' सुटलेल्या पोटासाठी किंवा पोट धरून हसण्यासाठी. गोळी उपाशीपोटी घ्यायची तेव्हा फक्त 'ऑन अ‍ॅन एम्प्टी स्टमक'. इथे 'टमी' किंवा 'बेली' बसत नाही, आणि 'ऑन'च्या जागी 'विथ' किंवा 'इन' आलं तर कानाला लगेच खटकतं.

६. 'नेकेड आय'ची शेपटी

एखाद्या जोडीचा नीट तपास कसा करतात ते पाहू. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात पुस्तकं, वृत्तपत्रं आणि बोलणं यांतला प्रचंड मजकूर संगणकात साठवला. अशा साठ्याला 'कॉर्पस' म्हणतात. त्यावर आधारलेला 'कोबिल्ड' शब्दकोश १९८७ साली आला. कॉर्पसमधून हवा तो शब्द शोधला की तो ज्या ज्या वाक्यात आला, त्या सगळ्या ओळी एकाखाली एक लागतात, आणि शोधलेला शब्द प्रत्येक ओळीत मधोमध येतो. मग डोळा फक्त डावीकडे आणि उजवीकडे फिरवायचा.

सिंक्लेअर यांनी १९९६ सालच्या एका लेखात 'नेकेड आय' ही जोडी अशी तपासली. दुर्बीण किंवा सूक्ष्मदर्शक न लावता, नुसत्या डोळ्यांनी, असा तिचा अर्थ. डावीकडे एक घर सरकलं की जवळजवळ प्रत्येक ओळीत 'द'. 'माय नेकेड आय' नाही, 'नेकेड आइज' तर नाहीच. आणखी एक घर डावीकडे 'विथ' किंवा 'टु'. त्याच्याही अलीकडे दिसण्याचा शब्द: 'सी' किंवा 'व्हिजिबल'. आणि त्याच्याही अलीकडे एक गोष्ट सापडली, जी कुठल्या शब्दकोशात नव्हती. तिथे बहुतेक वेळा अवघडपणा होता: फार लहान, अंधूक, जेमतेम, दिसत नाही.

म्हणजे दोन शब्दांची म्हणून घेतलेली ही जोडी प्रत्यक्षात लांब शेपटी घेऊन हिंडते: 'टू स्मॉल टु बी सीन विथ द नेकेड आय', 'बेअरली व्हिजिबल टु द नेकेड आय'. शनी नुसत्या डोळ्यांनी दिसतो, त्याची कडी दिसत नाहीत. यातल्या कड्यांच्या वाक्यात ही जोडी अगदी घरच्यासारखी बसते. समोरच्या बसचा नंबर मला 'नेकेड आय'ने दिसला असं मात्र कुणी म्हणत नाही. व्याकरण बरोबर, अर्थ बरोबर, तरी वाक्य चुकलेलं. प्रकरणाच्या सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथे आहे: शब्दकोशाने आपल्याला 'नेकेड' दिला, 'आय' दिला, शेपटी दिली नाही.

कॉर्पसने आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. 'बॅक' म्हणजे पाठ, असं आपण शिकतो आणि शब्दकोशही तिथूनच सुरुवात करत. प्रत्यक्षात 'बॅक' सर्वाधिक येतो तो 'परत, मागे' या अर्थाने: 'कम बॅक', 'गो बॅक', 'गिव्ह बॅक'. पाठीचा 'बॅक' त्या मानाने क्वचित. मराठीत पाठ करायचं म्हटलं की इंग्रजी पाठीकडे न जाता हृदयाकडे वळते, 'लर्न बाय हार्ट'. आपला पाठांतरातला 'पाठ' आणि शरीराची 'पाठ' हे शब्दही मुळात वेगळे. दुसरी 'पृष्ठ'वरून आली.

७. सारख्या दिसणाऱ्या, पण फसवणाऱ्या

नाक मुरडणे आणि 'टर्न अप युअर नोज' यांचं चांगलं जमतं. खांद्याला खांदा लावून, 'शोल्डर टु शोल्डर', हेही. अशा जुळणाऱ्या जोड्यांमुळे माणूस बेसावध होतो.

जीभ चावणे घ्या. आपण भलतंच बोलून गेलो आणि ते ध्यानात आलं की जीभ चावतो. चूक आधी, चावणं नंतर. इंग्रजी 'बाइट युअर टंग' मध्ये बोलणं होतच नाही. तोंडाशी आलेलं गिळून टाकलेलं असतं. शब्द तेच, क्रम उलटा. 'जीभ घसरली' हे आपल्या वर्तमानपत्रांत पुढाऱ्यांच्या अपमानास्पद बोलण्याला वापरतात. 'स्लिप ऑफ द टंग' मात्र साधी, निरुपद्रवी चूक, एका नावाऐवजी दुसरं नाव तोंडून निघणं. त्या पुढाऱ्याची बातमी इंग्रजीत 'स्लिप ऑफ द टंग' म्हणून गेली, तर त्याला बसल्या जागी माफी मिळते.

कान भरणे म्हणजे दुसऱ्याविरुद्ध मन कलुषित करणं. 'गेट अ‍ॅन इअरफुल' म्हणजे भरपूर बोलणी खाणं. हात देणे आणि 'गिव्ह ए हँड' दोन्हीकडे मदतच, पण रंगमंचावरून 'गिव्ह हर ए बिग हँड' आलं की टाळ्या वाजवायच्या. खांदा देण्याच्या बाबतीत सावध राहावं. इंग्रजीत दुःखी माणसाला रडायला खांदा देतात आणि ते जिव्हाळ्याचं असतं. मराठीत खांदा देतात तो तिरडीला. 'मी तुला खांदा देईन' हे वाक्य मराठीत जिवंत माणसाला उद्देशून म्हणायचं नसतं. आणि हात मिळवण्याला आपण 'शेकहँड' म्हणतो. इंग्रजीत क्रिया 'शेक हँड्स', आणि तिचं नाव उलट्या क्रमाने, 'हँडशेक'.

८. वस्तूंचे अवयव

माणसाने आपले अवयव आजूबाजूच्या वस्तूंनाही वाटले आहेत, आणि वाटणी पुन्हा दोन्हीकडे वेगळी. टेबलाला पाय आणि खुर्चीला हात दोन्ही भाषांत आहेत. फणीला आणि करवतीला आपण दाते दिले, त्यांनी 'टीथ'. घड्याळाला मात्र त्यांनी चेहरा आणि हात दिले, 'फेस' आणि 'हँड्स'. आपण तिथे तबकडी आणि काटे म्हणतो. सुईला त्यांनी डोळा दिला, आपण नेढं म्हणतो. कढईला आपण कान दिले, त्यांच्याकडे त्या नुसत्या मुठी, 'हँडल्स'. डोंगराचा पायथा आणि 'फूट ऑफ द हिल' जुळतात. रस्त्याच्या कडेला ते खांदा म्हणतात, 'शोल्डर'. आपली ती साइडपट्टी. लसणाचा आणि कोबीचा गड्डा इंग्रजीत 'हेड': 'ए हेड ऑफ गार्लिक'. गुरं मोजतानाही तोच शब्द, आणि तिथे अनेकवचन होत नाही: 'ट्वेन्टी हेड ऑफ कॅटल'.

डोळ्याच्या बाबतीत शेतात दोन्ही भाषा एकत्र येतात. बटाट्याला जिथून कोंब फुटतो त्याला ते 'आय' म्हणतात, आणि आपल्या ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडी तो डोळाच आहे: एक डोळ्याची कांडी, दोन डोळ्यांची टिपरी. मक्याच्या कणसाला 'इअर ऑफ कॉर्न' म्हणतात, तेव्हा मात्र कान शोधू नये. ऐकायचा 'इअर' आणि कणसाचा 'इअर' जुन्या इंग्रजीत दोन वेगळे शब्द होते. काळाच्या ओघात त्यांचे उच्चार एक झाले. शस्त्रांच्या 'आर्म्स'चंही तसंच. ते लॅटिन 'आर्मा'वरून फ्रेंचमार्गे आले, खांद्याला जोडलेल्या 'आर्म'मधून निघालेले नाहीत.